दाढेंतील चांदी आणि देहांतील दुखणें

‘दाढेंत चांदी भरून घेतली’ हें वाक्य सुशिक्षित घरांतून इतक्या सहजपणें बोललें जातें, कीं त्या चांदींत वजनानें सुमारें निम्मा पारा असतो याची आठवण फारच थोड्यांना राहते. चांदी, कथील आणि तांबें यांचा भुगा पाऱ्यांत खलला, म्हणजे लोण्यासारखा मऊ गोळा तयार होतो. दाढेच्या पोकळींत तो दाबून बसविला, कीं थोड्याच वेळांत घट्ट होतो आणि पुढें वर्षानुवर्षें चावण्याचा भार निमूटपणें सोसतो. दंतवैद्य या मिश्रणाला अमाल्गम म्हणतात.

आतां एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. त्याचें डोकें वर्षानुवर्षें दुखतें आहे, झोंप लागत नाहीं, थकवा जात नाहीं, ओळखीच्या माणसांचीं नांवें आठवत नाहींत. चार-पांच डॉक्टर झाले, रक्त-लघवी तपासून झाली, पण निदान कांहीं ठरत नाहीं. अशा वेळीं कोणी तरी त्याला सांगतें, ‘तुमच्या दाढेंत विष आहे. तें काढून टाका, म्हणजे बरे व्हाल.’ त्या गृहस्थानें काय करावें? दाढेंतील चांदी काढल्यानें जुनाट दुखणीं बरीं होतात काय?

हा प्रश्न आजचा नव्हे. जवळजवळ दोनशें वर्षें तो निरनिराळ्या रूपांनीं विचारला जात आहे, आणि त्याच्या इतिहासांत एक चूक पुनःपुन्हां झालेली दिसते. दाढेंतून पारा बाहेर पडतो काय, हा एक प्रश्न आहे. चांदी काढल्यानें रोगी बरा होतो काय, हा त्याहून अगदीं वेगळा प्रश्न आहे. एकाचें उत्तर मिळालें, कीं दुसऱ्याचेंहि मिळालेंच, अशी समजूत वादांतील दोन्ही पक्षांनीं दीर्घकाळ करून घेतली. पाऱ्याला भिणारे म्हणत, पारा सुटतो, म्हणून रोग त्यापासूनच आहे. चांदीचे कैवारी म्हणत, रोग त्यापासून नाहीं, म्हणून पारा सुटतच नाहीं. दोघांनाहि पुढें आपापलें म्हणणें सुधारावें लागलें.

सन १८२६ च्या सुमारास पॅरिस येथें ओग्यूस्त ताव्हो या दंतवैद्यानें चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यांत कालवून एक ‘रौप्य लेप’ प्रचारांत आणला. त्यापूर्वीं दांत चांगला भरावयाचा, तर सोन्याचा वर्ख थरावर थर देऊन ठोकून बसवावा लागे. तें काम वेळखाऊ, त्रासदायक आणि श्रीमंतांनाच परवडणारें होतें. इतरांचा किडलेला दांत उपटला जाई. नाण्यांच्या किसाचा हा लेप स्वस्त होता आणि कोणत्याहि वांकड्यातिकड्या पोकळींत बसे. मात्र घट्ट होतांना तो फुगे, आणि त्यानें कधीं कधीं दांतहि तडके.

१८३३ सालीं क्रॉकूर नांवाचे बंधु युरोपांतून न्यूयॉर्कला गेले आणि त्यांनीं हाच लेप ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’ अशा भारदस्त नांवानें विकावयास काढला. मोठाल्या जाहिराती देऊन, किडका भाग नीट न कोरतांच, ते पोकळ्या भरीत सुटले. त्यांचा गाजावाजा फार दिवस टिकला नाहीं, पण मागें राहिलेला वाद मात्र टिकला. १८४० सालीं स्थापन झालेल्या अमेरिकेंतील दंतवैद्यांच्या पहिल्या राष्ट्रीय संस्थेनें, अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्सनें, १८४३ मध्यें अमाल्गम भरणें म्हणजे व्यवसायांतील दुराचार होय असा ठराव केला. १८४५ मध्यें तर सभासदांनीं तें कधींहि न वापरण्याची लेखी प्रतिज्ञा करावी, असा हुकूम निघाला. पुष्कळांनीं ती मानली नाहीं. रोगी दारांत उभा होता, त्याच्याजवळ सोन्यापुरते पैसे नव्हते आणि चांदीनें त्याची दाढ वांचत होती. १८५० मध्यें संस्थेला प्रतिज्ञा मागें घ्यावी लागली आणि १८५६ मध्यें ती संस्थाच मोडली. तीन वर्षांनीं स्थापन झालेल्या अमेरिकन डेंटल असोसिएशननें अमाल्गमला विरोध केला नाहीं.

या पहिल्या भांडणांत पाऱ्याची भीति आणि सोन्याच्या धंद्याची काळजी हीं दोन्ही एकांत एक गुंतलीं होतीं. भीति अगदींच निराधार होती असें नव्हे. त्या काळचे डॉक्टर कॅलोमेल हें पाऱ्याचें औषध सढळ हातानें देत, आणि त्यापायीं लाळ गळणारे, दांत हलणारे रोगी लोकांनीं प्रत्यक्ष पाहिलेले होते. पण अमाल्गम भरलेले इतके रोगी आणि न भरलेले इतके, त्यांपैकीं आजारी किती, असा साधा हिशेब दोन्ही पक्षांपैकीं कोणीच मांडला नाहीं.

पारा विषारी आहे, याविषयीं तेव्हांहि शंका नव्हती. आरशांच्या पाठीमागें कथील व पारा यांचा थर देणारे कामगार आणि फेल्टच्या टोप्या करणारे कारागीर या रोगाचे नित्याचे बळी होते. त्यांचे हात कांपत, हिरड्या सुजत, स्वभाव भित्रा व चिडखोर होई. १८६१ सालीं आडोल्फ कुस्माउल या जर्मन डॉक्टरानें फ्यूर्ट व एर्लांगेन येथील आरसे-कामगारांना तपासून या रोगाचें बारकाईनें वर्णन केलें. परंतु ते कामगार उघड्या पाऱ्याजवळ दिवसभर श्वास घेत. दाढेंतील पारा इतर धातूंशीं बांधलेला असतो. हा बांधलेला पारा सुटतो काय आणि सुटला तर किती, हें मोजण्याइतकें सूक्ष्म साधन त्या वेळीं नव्हतें.

दरम्यान शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक या दंतवैद्यानें १८९५-९६ च्या सुमारास निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रणें घेऊन तीं किती फुगतात व किती आंकसतात याचीं चिकाटीनें मोजमापें केलीं, आणि न फुगणारें, टिकाऊ मिश्रण कसें करावें हें दाखवून दिलें. तेव्हांपासून दाढेंतील चांदी जगभर पसरली. जे दांत पूर्वीं उपटले गेले असते, ते लाखों सामान्य माणसांच्या तोंडांत टिकून राहिले. वाद आतां संपला असेंच सर्वांना वाटलें. तो पुन्हां पेटविला तो एका रसायनशास्त्रज्ञानें.

आल्फ्रेड श्टॉक यांचा जन्म १८७६ सालीं डान्झिग येथें झाला. बर्लिनमध्यें शिक्षण, पॅरिसमध्यें म्वासां यांच्या हाताखालीं कांहीं काळ काम, ब्रेस्लाउ येथें प्राध्यापकी, नंतर बर्लिनची कैसर विल्हेल्म संस्था आणि १९२६ पासून कार्ल्सरूह, असा त्यांचा प्रवास झाला. बोरॉन आणि सिलिकॉन यांचीं हायड्रोजनशीं होणारीं संयुगें हा त्यांचा अभ्यासविषय होता. यांपैकीं कित्येक संयुगें हवेचा स्पर्श होतांच पेट घेतात. तीं हाताळण्यासाठीं श्टॉक यांनीं कांचेच्या नळ्यांची एक बंदिस्त, हवा काढून घेतलेली रचना तयार केली. तिच्यांतील पंप, झडपा आणि दाबमापकें यांतून सर्वत्र पारा खेळत असे. वर्षानुवर्षें ते व त्यांचे सहकारी अशा खोल्यांतून काम करीत राहिले.

या काळांत श्टॉक यांची प्रकृति हळूहळू ढासळत गेली. डोकें दुखे, घेरी येई, नाक सतत चोंदलेलें असे, मन उदास राही आणि मुख्य म्हणजे स्मरणशक्ति क्षीण होत चालली. वाचलेलें पुस्तक लक्षांत राहीना, स्वतःच्या प्रसिद्ध झालेल्या लेखांतील मजकूरहि आठवेना. ज्याचें सर्व आयुष्य बुद्धीच्या भांडवलावर चालतें, त्याला हें दुखणें किती भयंकर वाटलें असेल! नाकावर शस्त्रक्रिया झाल्या, नाना उपचार झाले. शेवटीं १९२४ सालीं उलगडा झाला. रोगाचें मूळ त्यांच्याच प्रयोगशाळेच्या हवेंत होतें. बरोबरीच्या सहकाऱ्यांनाहि तसाच त्रास होत होता.

१९२६ मध्यें श्टॉक यांनीं पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर आपला प्रसिद्ध लेख छापला. आपला आजार लपवून न ठेवतां त्यांनीं तो सहव्यवसायिकांना सावध करण्यासाठीं उघड मांडला, हा त्यांचा मोठेपणा होय. पाऱ्याचे सूक्ष्म अंश मोजण्याच्या नव्या पद्धतीहि त्यांनीं शोधून काढल्या. जगांतील कित्येक प्रयोगशाळांनीं पाऱ्याविषयीं जी खबरदारी पुढें घेतली, तिचें बरेंचसें श्रेय त्यांना आहे. परंतु त्याच लेखांत ते आणखी एक पाऊल पुढें गेले. दाढेंतील अमाल्गमपासूनहि असाच त्रास होतो, म्हणून दंतवैद्यांनीं तें टाकून द्यावें, असें त्यांनीं प्रतिपादिलें. तांब्याच्या अमाल्गमवर त्यांचा विशेष रोष होता, आणि तो सकारण होता. तें मिश्रण भरण्यापूर्वीं पाऱ्याचे थेंब दिसेपर्यंत तापवावें लागे, आणि दांतांतहि तें लवकर झिजे.

जर्मनींत मोठी खळबळ उडाली. वृत्तपत्रांतून लेख आले, आणि चांदी भरलेले लोक काळजींत पडले. श्टॉक यांच्या अनुभवांत एक भक्कम सत्य होतें. पाऱ्याची वाफ अल्प प्रमाणांत, पण दीर्घकाळ श्वासावाटे गेली, तर डोकेदुखी, विस्मरण, उदासीनता असें अस्पष्ट, सहज न ओळखतां येणारें दुखणें जडूं शकतें. मात्र त्यांनीं जिचा त्याग केला ती हवा प्रयोगशाळेची होती. तिच्या त्यागानें त्यांना आराम पडला, यावरून दाढेंतील चांदी काढणाऱ्यालाहि तसाच आराम पडेल, हें सिद्ध होत नव्हतें. त्यासाठीं दाढेंतून किती पारा सुटतो हें आधीं ठरावयास हवें होतें, आणि चांदी काढलेल्या रोग्यांची तुलना न काढलेल्यांशीं करावयास हवी होती. श्टॉक १९४६ सालीं वारले. पहिलें काम त्यांच्यामागें तीस-पस्तीस वर्षांनीं मार्गी लागलें, आणि दुसऱ्याला तर साठ वर्षें लागलीं.

१९७९ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं दाखवून दिलें, कीं चांदी भरलेला मनुष्य कांहीं वेळ चघळत राहिला, तर त्याच्या तोंडांतील हवेंत पाऱ्याची वाफ स्पष्टपणें वाढते. एकदां घट्ट झालेल्या अमाल्गममधून पारा मुळींच बाहेर पडत नाहीं, हें दंतवैद्यांचें जुनें आश्वासन येथें कोसळलें. पुढें अनेक ठिकाणीं मोजमापें झालीं. १९९१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत दाढेंतील चांदींतून शरीराला मिळणाऱ्या पाऱ्याचा अंदाज दिवसाला ३.८ ते २१ मायक्रोग्रॅम असा दिला आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पुढील कित्येक अभ्यासांचे आंकडे याहूनहि कमी आहेत. ज्यांना झोपेंत दांत खाण्याची किंवा सतत गम चघळण्याची संवय आहे, त्यांच्यांत हें प्रमाण वाढतें. तरीहि बहुसंख्य लोकांच्या लघवींतील पारा, कारखान्यांतील कामगारांना ज्या पातळीवर त्रास होतो, त्या पातळीच्या पुष्कळच खालीं असतो.

म्हणजे पारा सुटतो, पण फार थोडा सुटतो. यापुढें खरें तर ज्यांनीं चांदी काढली त्यांचें काय झालें, हें पाहावयास हवें होतें. परंतु मोजणीपेक्षां कहाणी वेगानें पसरते. अमेरिकेंत कोलोरॅडो राज्यांतील हॅल हगिन्स या दंतवैद्यानें १९८५ मध्यें एक पुस्तक लिहून अनेक असाध्य रोगांचा संबंध दाढेंतील चांदीशीं जोडला. त्याच्याकडे दूरदूरचे रोगी येऊं लागले. १९९० च्या डिसेंबरांत सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या लोकप्रिय कार्यक्रमांत हा विषय आला. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या रोगानें पीडलेल्या एका स्त्रीनें त्यांत सांगितलें, कीं चांदी काढली त्याच रात्रीं आपण नाचावयास गेलों. हें ऐकून अंथरुणाला खिळलेल्या किती माणसांच्या मनांत आशा उसळली असेल!

या ठिकाणीं थोडा हिशेब करून पाहिला पाहिजे. यंत्रानें चांदी कोरून काढतांना तिचा चुरा होतो, वाफ उठते, आणि रक्तांतील पारा त्या दिवसांपुरता कमी न होतां उलट किंचित वाढतो. पुढें तो हळूहळू उतरूं लागतो. शरीरांत असलेला पारा निम्म्यावर यावयास सुमारें दोन महिने लागतात. तेव्हां त्याच रात्रीं आलेला आराम पारा गेल्यामुळें आला असणें शक्यच नाहीं. त्या स्त्रीला बरें वाटलें नाहीं, असें म्हणण्याचें मुळींच कारण नाहीं. बरें वाटण्याचें कारण मात्र दुसरें असलें पाहिजे. १९९६ मध्यें कोलोरॅडो राज्यानें हगिन्स याचा दंतवैद्यकीचा परवाना रद्द केला.

याच सुमारास युरोपांत अधिक शांतपणें काम चाललें होतें. स्वीडनमध्यें चांदीमुळें आजारी झाल्याचें सांगणाऱ्या रोग्यांची संख्या मोठी होती. तेथील ५८७ जुळ्या भावंडांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९६ मध्यें प्रसिद्ध झाले. ज्यांच्या तोंडांत चांदी अधिक, त्यांचें शारीरिक वा मानसिक आरोग्य अधिक वाईट, असा संबंध त्यांत आढळला नाहीं. २००६ मध्यें लहान मुलांवरील दोन मोठ्या प्रयोगांचे निकाल एकाच वेळीं बाहेर आले. लिस्बन येथील ५०७ मुलें सात वर्षें आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागांतील ५३४ मुलें पांच वर्षें निरीक्षणाखालीं होतीं. कोणाला चांदी भरावयाची आणि कोणाला दांताच्या रंगाचें कांपोझिट, हें दैवगतीनें, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, ठरविलेलें होतें. चांदीवाल्या मुलांच्या लघवींत पारा किंचित अधिक आढळला. बुद्धि, स्मृति, लक्ष आणि हालचालींतील चापल्य यांत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाहीं.

यावर एक रास्त आक्षेप उरतो. हीं मुलें निरोगी होतीं. जो आधींच पीडलेला आहे आणि ज्याला आपलें दुखणें दाढेपासून आहे असें वाटतें, त्याचें काय? आरंभीं ज्याची कल्पना केली, तो गृहस्थ नेमका असाच होता. त्याच्यासाठीं म्युनिक येथें झालेला आणि २००८ मध्यें प्रसिद्ध झालेला प्रयोग सर्वांत महत्त्वाचा आहे.

या प्रयोगांत ९० रोगी घेतले होते. आपलीं दुखणीं चांदीमुळेंच आहेत, असें त्या सर्वांचें मत होतें. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाची चांदी काढून टाकली. दुसऱ्या गटाची चांदी काढलीच, शिवाय पारा शरीराबाहेर जावा म्हणून जीवनसत्त्वें आणि सूक्ष्म खनिजें दिलीं. तिसऱ्या गटाच्या चांदीला हात लावला नाहीं. त्यांना आरोग्य सुधारण्याचा एक शिस्तशीर कार्यक्रम दिला. प्रत्येकानें आपल्या मुख्य तक्रारींची तीव्रता अंकांनीं सांगावयाची होती. एका वर्षानंतर पहिल्या दोन्ही गटांत ही तीव्रता सरासरी ३.५ अंकांनीं उतरली होती, आणि तिसऱ्या गटांत २.५ अंकांनीं. हा फरक इतक्या थोड्या रोग्यांत केवळ योगायोगानेंहि पडूं शकतो, असें गणितानें ठरलें. पारा मात्र ज्यांची चांदी काढली त्यांच्याच शरीरांत स्पष्टपणें कमी झाला होता.

या निकालाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. चांदी काढणारे बरे झाले नाहींत, असें तो सांगत नाहीं. त्यांना आराम पडला, आणि तो चांगला जाणवण्याइतका होता. पण ज्यांच्या दाढेंत चांदी तशीच राहिली, त्यांनाहि आराम पडला. पारा गेला आणि दुखणेंहि हलकें झालें, तरी दुखणें हलकें होण्यासाठीं पारा जाणें अवश्य होतें, असें दिसून आलें नाहीं. जीवनसत्त्वांची भरहि फुकट गेली.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. नॉर्वेंत बर्गन येथें दंतसाहित्यापासून होणाऱ्या त्रासाची तपासणी करणारें एक केंद्र १९९३ पासून आहे. तेथें तपासलेल्या २० रोग्यांची चांदी काढली आणि दुसऱ्या २० जणांवर कोणताच उपचार केला नाहीं. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत तीन वर्षांनंतर पहिल्या गटाच्या तक्रारी लक्षणीय कमी झालेल्या आढळल्या, आणि दुसऱ्या गटाच्या तशा कमी झाल्या नव्हत्या. प्रथमदर्शनीं हा म्युनिकच्या उलट निकाल वाटतो. परंतु म्युनिकच्या तिसऱ्या गटाकडे कोणी तरी वर्षभर लक्ष देत होतें. नॉर्वेच्या दुसऱ्या गटाला तें लक्ष लाभलें नव्हतें. पाऱ्याचा संपर्क घटणें, रोग्याची आस्थेनें झालेली विचारपूस आणि मनांतील धास्ती नाहींशी होणें, यांपैकीं कशाचाहि परिणाम झाला असूं शकेल, असें त्या संशोधकांनींच नमूद केलें आहे. शिवाय अशा सर्व प्रयोगांत एक उणीव राहतेच. आपली चांदी काढली कीं नाहीं, हें रोग्यापासून लपवितां येत नाहीं.

मग चांदी न काढतां माणसें बरीं कशीं होतात? जुनाट दुखणें समुद्रासारखें असतें. त्याला भरती आणि ओहोटी दोन्ही असतात. मनुष्य नवा उपाय शोधावयास निघतो तो त्रास अगदीं शिगेला पोंचलेला असतांना, आणि शिगेनंतर उतार बहुधा येतोच. त्या वेळीं जो उपाय चालूं असेल, त्याच्या पदरांत यश पडतें. दुसरें असें, कीं वर्षानुवर्षें ‘तुम्हांला कांहीं झालें नाहीं’ हें ऐकून कंटाळलेल्या माणसाला प्रथमच कोणी तरी ‘तुमचें दुखणें खरें आहे’ म्हणतें. या शब्दांचा परिणाम झोपेवर, भुकेवर, वेदनेवर होतो, आणि तो खोटा नसतो. आणखी एक कारण अगदीं साधें आहे. जुनी चांदी काढतांना तिच्याखालची कीड, तडकलेला दांत, सुजलेली हिरडी यांवरहि इलाज होऊन जातो.

कांहीं थोड्या रोग्यांच्या बाबतींत मात्र चांदी काढणें हाच खरा उपाय आहे. कोणाच्या गालाच्या आंतल्या बाजूस किंवा जिभेच्या कडेला, बरोबर चांदी टेंकते त्या जागीं, पांढरट जाळीसारखा चट्टा किंवा जखम होते. अशा ठिकाणीं तें भरण बदललें, तर बहुसंख्य रोग्यांचा चट्टा बरा होतो अथवा पुष्कळ सुधारतो. क्वचित् कोणाला पाऱ्याची ॲलर्जीहि असते. येथें कारण डोळ्यांना दिसतें आणि परीक्षेनें ठरवितां येतें. थकवा, विस्मरण, सांधेदुखी यांचा संबंध दाढेशीं जोडतांना असा पुरावा हातीं नसतो.

‘काढून तर पाहूं, नुकसान काय होणार?’ असें कोणी म्हणेल. नुकसान होतें. चांदी निघतांना तिच्या भोंवतालचा चांगला दांतहि थोडा कोरला जातो, आणि गेलेला दांत पुन्हां येत नाहीं. खोल भरण काढतांना आंतील नाजूक शीर दुखावली, तर पुढचे उपचार मागें लागतात. बारा-पंधरा दाढांचें काम निघालें, तर मध्यम स्थितींतील कुटुंबाचें वर्षाचें गणित कोलमडतें. सर्वांत मोठा तोटा काळाचा आहे. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, झोपेंत श्वास अडकणें, मनाची उदासीनता हीं सर्व दुखणीं थकवा व विस्मरण यांच्याच वेषांत येतात, आणि त्यांवर आज चांगले उपचार आहेत. दाढेच्या मागें लागून गेलेलीं वर्षें या उपचारांतून वजा होतात.

आतां एक शंका उरते. दाढेंतील चांदी इतकी निरुपद्रवी असेल, तर देशोदेशींचीं सरकारें तिच्यावर बंदी कां घालीत आहेत? नॉर्वेनें २००८ मध्यें आणि स्वीडननें २००९ मध्यें तिचा वापर जवळजवळ थांबविला. युरोपीय संघानें २०१८ पासून पंधरा वर्षांखालील मुलांसाठीं आणि २०२५ च्या आरंभापासून सर्वांसाठींच, वैद्यकीय निकड वगळून, ती बंद केली. याचें मुख्य कारण रोग्याच्या दाढेंत नसून दवाखान्याच्या मोरींत आहे. कोरलेला चुरा गटारांतून नदींत जातो, मृतदेहाच्या दहनाबरोबर पारा हवेंत जातो, आणि पाण्याच्या तळाशीं सूक्ष्म जंतु त्याचें मिथाइल पारा या अतिविषारी संयुगांत रूपांतर करतात. तें माशांत सांठतें आणि माणसाच्या ताटांत येतें. जपानमधील मिनामाता येथें एका कारखान्याच्या सांडपाण्यांतून आलेल्या याच संयुगानें कोळ्यांच्या वस्त्यांत जो अनर्थ केला, तो १९५६ मध्यें उघडकीस आला. त्या गांवाचें नांव घेऊन २०१३ सालीं पाऱ्याविषयींचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१७ पासून तो अमलांत आला. भारतानें २०१८ मध्यें त्याला अधिकृत मान्यता दिली. २०२५ च्या नोव्हेंबरांत जिनीव्हा येथें भरलेल्या परिषदेनें दाढेंतील चांदीचा वापर २०३४ पर्यंत संपवावा, असें ठरविलें.

नवी चांदी भरूं नये आणि जुनी चांदी उपटून काढावी, हीं दोन वेगळीं वाक्यें आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०२० मध्यें दिलेल्या सल्ल्यांत हा भेद स्पष्ट केला आहे. गर्भवती व स्तनदा माता, लहान मुलें, मज्जासंस्थेचे किंवा मूत्रपिंडाचे रोगी यांच्यासाठीं शक्यतों दुसरें भरण वापरावें. परंतु जी चांदी शाबूत आहे, ती वैद्यकीय गरजेवांचून काढूं नये. कारण काढतांना पाऱ्याचा संपर्क तात्पुरता वाढतो आणि दांताचा निरोगी भाग गमावला जातो.

आरंभींचा तो गृहस्थ अजून उत्तराची वाट पाहत आहे. त्याच्या दंतवैद्यानें त्याचें तोंड नीट तपासावें, चांदी फुटली असेल किंवा जवळ चट्टा असेल तर ती बदलावी. शंकाच असेल, तर लघवींतील पारा मोजून घ्यावा. श्टॉक यांच्या पिढीला जी सोय धडपडून निर्माण करावी लागली, ती आज सहज उपलब्ध आहे. तो सामान्य आला, तर दाढेला तिच्या जागीं राहूं द्यावें. त्याचे डॉक्टर मात्र एवढ्यावर थांबले, तर त्यांनीं अर्धेंच काम केलें असें होईल. म्युनिकच्या तिसऱ्या गटानें त्यांच्यापुढें दुसरा अर्धा भाग ठेवला आहे. त्या माणसाचें दुखणें खरें मानून, त्याच्याजवळ वर्षभर बसून, त्याची झोंप, त्याचा आहार, त्याची काळजी यांची वास्तपुस्त केली, तर दाढेला हात न लावतांहि तो सुधारूं शकतो. हें काम यंत्रानें होणारें नाहीं आणि एका दिवसांत होणारें नाहीं. तें कोणी करीत नाहीं, म्हणूनच तो गृहस्थ दाढ कोरून घ्यावयास निघतो.